पाठीवर पेटी घेतलेला तरुण

आप्पा,

तुमच्या पुण्यानुमोदनाला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. खुर्च्या कमी पडल्या, मग समोरच्या घरातून सतरंज्या आणल्या. वंदना झाली, भाषणं झाली, आणि जेवणाच्या रांगेत जो तो माझा हात धरून एकच विचारायला लागला. साहेब माल्टाला गेले होते तेव्हा उतरले कुणाकडे होते? त्यांच्या प्रवासलेखात तर नुसतं 'एका परिचितांकडे' असं लिहिलंय. पहिल्या दोघातिघांना मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. मग तुमचे कोयना प्रकल्पातले जोडीदार आले, तुमच्याबरोबर रोज सकाळी फिरायला जाणारे. त्यांना म्हणालो, "काका, माझ्याकडे. मी तिथंच असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हार घातलेल्या तुमच्या फोटोकडे. "पण तू तर दुबईला मॅनेजर आहेस ना?"

म्हणजे माल्टावरचे लेख छापून यायला लागले तसं तुम्ही मला दुबईला हलवलंत. मला न सांगता. लेखातल्या गावात मुलगा असून चालणार नव्हतं, कारण मग त्याचं नाव निघालं असतं, तो काय करतो हे निघालं असतं. मी काकांना हो म्हणालो की नाही म्हणालो, आठवत नाही. हातातलं ताट मात्र टेबलावर ठेवलं.

गेलेल्या माणसावर राग धरू नये असं आई म्हणते. मी धरलाय. तो कुणासमोर काढावा अशी दुसरी जागा नाही म्हणून तुमच्यासमोरच काढतो.

पहिलं खोटं माझं होतं, ते कबूल करतो. चार वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो तो एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. वर्षभरात ते हॉटेल बंद पडलं आणि मी घरोघरी जेवण पोचवायचं काम धरलं. स्कूटर, पाठीवर चौकोनी पेटी, फोनवर पत्ता येतो, जायचं, बेल वाजवायची, द्यायचं. काम बरं आहे. पण फोनवर तुम्ही विचारायचात, हॉटेलात कसं चाललंय, आणि मी म्हणायचो, छान. एकदा तर म्हणालो, सुपरवायझर केलंय. तुमचा आवाज एवढा खुलला की पुढे ते मागे घेता आलं नाही.

मग गेल्या साली तुम्हीच म्हणालात, "मी येतो. तीस वर्षं पळत पळत लिहिलं. आता एकच शहर घ्यायचंय, समुद्राकाठचं, आणि ते सावकाश बघायचंय." मी वेळ टाळायचा प्रयत्न केला. उन्हाळा फार असतो म्हणालो, जागा लहान आहे म्हणालो. तुम्ही मार्चमध्ये आलात.

विमानतळावरून येताना बसमध्येच सांगून टाकलं. मी हॉटेलात नाही, जेवण पोचवतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. सगळं शहर एकाच रंगाच्या दगडाचं, मधासारख्या. तुम्ही "बरं" म्हणालात. थोड्या वेळानं विचारलंत, "हा दगड कुठला?"

"इथलाच," मी म्हणालो.

एवढंच. मला वाटलं, माणूस थकलाय, दोन दिवसांनी बोलेल. तुम्ही अठरा दिवस राहिलात आणि त्यावर एक अक्षर काढलं नाहीत.

आम्ही एका फ्लॅटमध्ये सहाजण राहतो. नेपाळच्या बिनोदनं आपला पलंग तुम्हाला दिला आणि तो अठरा दिवस हॉलमधल्या सोफ्यावर झोपला. लेखात तुमची खोली 'समुद्राचा निळा तुकडा दिसणारी' आहे. त्या खोलीच्या खिडकीतून जिन्याची भिंत दिसते, आप्पा. समुद्र दिसतो गच्चीवरून, कपडे वाळत घालताना. बिनोदचं नाव लेखात कुठेच नाही. तोही परिचितांतच गेला.

पण ते अठरा दिवस चांगले होते, आणि हेच मला जास्त छळतं. वाईट गेले असते तर सोपं झालं असतं.

पहिल्याच सकाळी तुम्ही उठून सगळ्यांसाठी पिठलं केलंत. बेसन तुम्ही सांगलीहून आणलं होतंत, चार किलो, कपड्यांपेक्षा जास्त. पंजाबची दोन पोरं होती, ती रोज विचारायला लागली, अंकल, आज वो पीला वाला बनेगा? तुम्ही खूश. मग आंघोळ करून, शर्ट खोचून, वही घेऊन बाहेर. पलीकडच्या काठावर जुनं शहर, व्हॅलेटा. मधली खाडी ओलांडायला छोटी बोट. तुम्ही रोज त्या बोटीनं जायचात आणि दुपारी परत यायचात, आणि मी कामावर निघायच्या आधी मला सगळं सांगायचात. वरच्या बागेत बाराच्या ठोक्याला तोफ उडवतात. मच्छीमारांच्या होड्यांना पुढच्या टोकावर डोळे रंगवलेले असतात. तिथले लोक जगाला 'दिन्या' म्हणतात, म्हणजे आपली दुनियाच, आणि पुस्तकाला 'क्तिएब', म्हणजे किताब. हे सांगताना तुम्ही खुर्चीतून अर्धे उठला होतात. "अरे, शब्द होडीत बसून फिरलेत रे," असं म्हणालात.

मी तीन वर्षं त्या गावात होतो. मला घरांचे नंबर माहीत होते, कुठली बेल बिघडलीय, कुठल्या जिन्यात कुत्रं असतं, एवढं माहीत होतं. मान वर करून त्या लाकडी रंगीत सज्ज्यांकडे मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या सुट्टीच्या मंगळवारी तुम्ही मला बोटीनं पलीकडे नेलंत, धक्क्याच्या कट्ट्यावर बसवलंत आणि म्हणालात, आता तासभर काही करायचं नाही. फोनसुद्धा काढून घेतलात. पहिली दहा मिनिटं माझे पाय हलत होते. मग थांबले. वाटाण्याचं सारण भरलेली तिथली करंजी आपण खाल्ली, तुम्ही म्हणालात, आईच्या हातची याच्यापेक्षा खुसखुशीत. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, त्याला काही लागलं नाही. आपण दोघं तासभर त्याच्याकडे बघत होतो. लहानपणी कोयनानगरच्या वसाहतीत तुम्ही मला असं कधी शेजारी घेऊन बसला नव्हतात. सुट्टी लागली की तुम्ही बॅग भरून एकटे निघायचात, आणि आल्यावर आम्ही ते लेखात वाचायचो. त्या मंगळवाराबद्दल मी तुमचा उपकार मानतो. तो लेखात आहे. त्या कट्ट्यावर लेखात तुम्ही एकटे बसलेले आहात.

आता अकराव्या दिवसाचं.

जुन्या शहरात पायऱ्यांच्या गल्ल्या आहेत. स्कूटर खाली लावून चढावं लागतं. त्या दिवशी एकाच्या सुमाराला मला तिथली ऑर्डर आली. मी अर्ध्यावर चढलो तर पलीकडच्या पायरीवर, सावलीत, तुम्ही. मांडीवर वही. तुम्ही मला पाहिलंत. मला नक्की माहीत आहे, कारण आपली नजरानजर झाली आणि मी हात वर करणार तेवढ्यात दार उघडलं.

बाई फोनवर बोलत होती. तिनं माझ्याकडे न बघता बोटानं खाली दाखवलं. पायपुसण्यावर ठेव, म्हणून. मी तुमच्याकडे बघितलं. तुमची मान वहीत गेली होती.

तुम्ही मान खाली घातलीत, म्हणून पुढचं तुम्हाला दिसलं नाही. सांगतो. मी ती पिशवी खाली ठेवली नाही. मी कधीच ठेवत नाही, पहिल्या दिवसापासून. खाणं जमिनीवर ठेवायचं नाही हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण माझे हात तसे खाली जातच नाहीत. मी पिशवी धरून उभा राहिलो आणि इंग्रजीत म्हणालो, "बाई, हे हातात घ्या." तिनं एकदा बघितलं. फोन खांद्याला आणि कानाला चिमटला, दोन्ही हात पुढे केले, पिशवी घेतली आणि तिच्या भाषेत आभार मानले. चांगली होती बाई, नुसती घाईत होती. मी हसत वळलो, तुम्हाला काहीतरी खूण करणार होतो. तुमची मान तशीच खाली. तुमचं पेनसुद्धा चालत नव्हतं. तेवढ्यात फोनवर पुढची ऑर्डर आली आणि मी खाली उतरलो.

त्या संध्याकाळी तुम्ही माझं जाकीट धुऊन गच्चीवर वाळत घातलंत. मी वाट बघत होतो की तुम्ही काही म्हणाल. तुम्ही विचारलंत, साबण कुठला वापरता?

लेख जूनमध्ये आला. रविवारच्या पुरवणीचा फोटो काढून मामेभावानं पाठवला, खाली अंगठा. मी स्कूटरवर बसून वाचला. ती गल्ली होती, सावली होती, पायऱ्यांवरची मांजर होती. आणि हे होतं: 'समोरच्या दारात पाठीवर पेटी घेतलेला एक तरुण उभा होता. चेहरेपट्टी आपल्याकडची. त्याला पाहून मला उगाच घरची आठवण झाली.'

उगाच.

आप्पा, तुम्ही शब्द निवडून वापरणारे. लहानपणी मी 'हाय' म्हटलं की 'आहे' म्हण, 'पानी' म्हटलं की 'पाणी' म्हण, दहा वेळा म्हणायला लावायचात. तुम्हाला 'उगाच'चा अर्थ माहीत होता.

मी तिथूनच फोन लावला. तुम्ही लेख आवडला का विचारलंत. मी म्हणालो, तो तरुण कोण? तुम्ही म्हणालात, लेखनात सगळं सांगायचं नसतं, वाचकाला जागा ठेवायची असते. मी म्हणालो, वाचकाला जागा ठेवली, आणि मला? तुम्ही म्हणालात, तुझ्या भल्यासाठीच केलं, उद्या तुझं लग्न ठरवायचंय. मग माझी जीभ सैल सुटली. मी विचारलं, तीस वर्षं लिहिताय, हिमालय लिहिला, सगळे घाट लिहिले, आजोबांवर एक ओळ का नाही लिहिली? वडूजच्या पलीकडचं आपलं गाव तुमच्या एकाही पुस्तकात का नाही? आजोबांची लाज वाटली तुम्हाला, तशीच माझी वाटली.

मग तुम्ही बोललात, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"गप बस रं. लय बोलू नगंस. तुला काय ठावं न्हाई."

फोन ठेवलात.

त्यानंतर चार महिने आपण आईच्या शुगरबद्दल बोललो, सांगलीत नदीला पाणी किती आलंय याबद्दल बोललो. दर आठवड्याला फोन झाला. मी वाट बघत होतो की तुम्ही सुरुवात कराल. तुम्हीही तीच वाट बघत असाल, तर आपण दोघंही मूर्ख. आणि मग एका सकाळी आईचा फोन आला. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "त्येंला च्या दिला तर घिईनात. तू ये." मी दोन विमानं बदलून, पुण्याहून गाडी करून पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तुमचा चेहराही बघायला मिळाला नाही. तुम्ही जेवढं लपवलंत त्यात शेवटी ही भर.

परवा पाहुणे गेल्यावर कुंडलची सोनाआत्या मागे राहिली. तुमची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, दिसत नाही फारसं. मी तिच्या पायाशी बसलो होतो. तिनं माझा हात चाचपला आणि विचारलं, तू तिकडं लोकांच्या दारात जेवान घिऊन जातूस न्हवं? मी चमकलो. आईलासुद्धा तुम्ही सांगितलं नव्हतंत. आत्याला कसं माहीत?

आत्यानं सांगितलं. माल्टाहून आल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही एसटीनं एकटेच कुंडलला गेलात, तिच्या सोप्यात बसलात आणि जेवला नाहीत. मग म्हणालात, आक्का, पोराला दारात उभा बघितला.

मग तिनं ते सांगितलं जे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. धर्म बदलला होता, पण गावानं आजोबांचं काम काही बदललं नव्हतं. सांगावे पोचवायचे, आणि त्याबद्दल दारोदार भाकरी मागायची. आजोबा पुढे, आणि टोपलं घेऊन मागे तुम्ही, सात वर्षांचे.

"दारात हुबं ऱ्हायाचं," आत्या म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणते. "बाई वरनं टाकायची, हात लागू नये म्हून. एकदा भाकर टोपल्यात पडली न्हाई, भुईवर पडली. तुज्या बानं उचलली न्हाई. बाई म्हनली उचल, तरी न्हाई. दादानं त्येला तितंच हानलं, समद्यांम्होरं. आन घरी यिऊन दादाच रडला. त्या दिसापास्नं त्यो टोपलं घ्याया गेला न्हाई, आन दादा बी फुडं लय दिस गेला न्हाई."

मी ऐकत होतो आणि माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. लोकांना वाटेल, हे ऐकून पोराला बापाची कीव आली असेल. आली. पण आधी राग आला. बाईनं बोटानं जमीन दाखवली तेव्हा तुम्ही मान का खाली घातलीत ते मला आता कळलं. मी वाकून पिशवी ठेवणार, असं तुम्ही गृहीत धरलंत. मी वाकेन हे तुम्हाला बघवणार नव्हतं. मग बघायचं होतंत ना! अजून चार श्वास मान वर ठेवली असतीत तर तुम्हाला दिसलं असतं की तुमचा मुलगा वाकला नाही. सात वर्षांच्या तुम्ही जे केलंत तेच तुमचा मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत करत होता, आणि त्याला मार पडला नाही, आभार मिळाले. उभा जन्म बघणं हाच तुमचा धंदा. आणि नेमकं हे तुम्ही बघितलं नाहीत.

आणि मी? मी तरी सांगायचं होतं. त्या फोनवर आजोबांना मध्ये आणून तुम्हाला घायाळ करण्याऐवजी मी एवढंच म्हणायला हवं होतं, आप्पा, मी ते खाली ठेवलं नव्हतं. एक वाक्य. ते मी बोललो नाही, कारण मला तुम्हाला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं. ते लागलं. त्याचं ओझं माझ्याकडे आहे.

पण आत्याला सांगितलंत, मला नाही. कुंडलला जायला तुम्हाला एसटी मिळाली, आणि फोन तर तुमच्या खिशात होता.

काल तुमचे प्रकाशक आले. माल्टाचे लेख पुस्तक म्हणून काढायचे आहेत, पानं लावून झाली आहेत. ते अदबीनं बोलत होते. बोलता बोलता त्यांना कळलं की तो तरुण मी. ते गडबडले, मग म्हणाले, आपण त्या ठिकाणी 'माझा मुलगा' करू या का? एका शब्दाचा तर प्रश्न आहे, आप्पांनाही तेच हवं असणार. मी पान हातात घेतलं. पेन त्यांनीच दिलं. माझा हात तिथंपर्यंत गेला, खोटं बोलत नाही.

आई आत कांदा चिरत होती. आदल्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं होतं, दुबई, पेटी, पायऱ्या, सगळं. ती रागावली नव्हती. आता ती हात पुसत बाहेर आली. "त्येंचं त्येंनी लिवलंय," ती म्हणाली. "त्यात हात घालू नगंस. तुजं तू लिव."

मी पेन परत दिलं. 'एक तरुण' तसंच छापा म्हणालो, 'उगाच' पण तसंच. ते तुमचं आहे, तुम्हीच सांभाळा.

प्रकाशक गेल्यावर आईनं विचारलं, माझ्या कामाला मागे माणूस बसवता येतं का. मी म्हणालो, स्कूटरवर? बसवत नाहीत, पेटी असते. मग ती म्हणाली, बरं, मी खाली पायरीवर बसेन, तू वर जाऊन ये. ती हे सहज बोलली, भाजीला काय करू विचारावं तसं. पासपोर्ट तिच्याकडे आहे. तुम्ही तिला कुठंतरी न्यायचं म्हणून कधीतरी काढला होतात, त्याच्यावर एकही शिक्का नाही. तीस वर्षांत तुम्ही तिला कुठे नेलं नाहीत याचा राग मला आजवर आला नव्हता, आप्पा. तो काल आला.

आज सकाळी मी तिच्या व्हिसाचा अर्ज भरायला बसलो. लॅपटॉपवर तुमचा जुना अर्ज निघाला, मीच तिकडून भरला होता, तुम्ही फोनवरून एकेक रकाना सांगत होतात. प्रवासाचा हेतू या रकान्यात दोन पर्याय होते, पर्यटन किंवा नातेवाइकांची भेट. तुम्ही म्हणाला होतात, पर्यटन लिही. मी लिहिलं होतं, आणि तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

आई शेजारी चष्मा लावून बसली होती. मी तिला विचारलं, कशाला चाललीस म्हणून लिहू?

ती माझ्याकडे बघतच राहिली, एवढं साधं याला कसं कळत नाही म्हणून.

"कशाला म्हंजी?" ती म्हणाली. "पोराकडं चाललीया म्हून लिव."